मुखवट्याआडचा प्रेक्षक : 'स्लीप नो मोअर' आणि शोकात्मिकेचा प्रत्यय

शोकात्मिकेचा विचार बहुधा नाटककार, नायक आणि संहिता या तीन अंगांनी केला जातो. प्रेक्षकाचा विचार शेवटी येतो, आणि तोही पुष्कळदा गृहीत धरून. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या व्याख्येतच करुणा आणि भीती या भावनांना स्थान दिले. परंतु ज्याच्या अंतःकरणात या भावना जागृत व्हावयाच्या, तो प्रेक्षक कोठे बसतो, कोणाच्या सोबतीने पाहतो आणि पाहताना नेमके काय करतो, याविषयी 'पोएटिक्स'मध्ये फारसे विवेचन आढळत नाही. त्याची एक झलक इतिहासकार हिरोडोटसने मात्र जपून ठेवली आहे. इ. स. पूर्व ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे नगर जिंकून उद्ध्वस्त केले. या घटनेवर फ्रिनिकस या नाटककाराने लिहिलेला प्रयोग पाहताना अथेन्सचा अवघा प्रेक्षकवर्ग रडू लागला. त्याचे फळ म्हणून नाटककाराचा गौरव झाला नाही, तर त्याला एक हजार द्राख्मांचा दंड करण्यात आला आणि ते नाटक पुन्हा सादर करण्यास मनाई झाली. स्वतःच्याच दुःखाची आठवण करून दिली, हा त्याचा अपराध होता.

प्रेक्षक रडला म्हणजे शोकात्मिका यशस्वी झाली, असे सरसकट म्हणता येत नाही, हे या प्रसंगावरून दिसते. स्वतःसाठी रडणे आणि रंगभूमीवरील दुसऱ्या कोणासाठी रडणे यांत अंतर आहे. आजच्या 'इमर्सिव्ह थिएटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाने हे अंतर जाणीवपूर्वक धूसर केले आहे. प्रेक्षकाला खुर्चीवरून उठवून नाटकाच्या जगात बुडवणाऱ्या या प्रकाराला मराठीत 'निमग्न रंगभूमी' म्हणता येईल. पंचड्रंक या ब्रिटिश नाट्यसंस्थेने शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर आधारलेला 'स्लीप नो मोअर' हा या प्रवाहातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग होय. त्याला मिळालेल्या प्रेक्षकप्रतिसादाच्या आधारे, निमग्न अवस्थेत शोकात्मिकेचा प्रत्यय कितपत टिकतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रयोगाचे स्वरूप

फेलिक्स बॅरेट आणि मॅक्सीन डॉयल यांनी दिग्दर्शित केलेला हा प्रयोग प्रथम २००३ मध्ये लंडनमध्ये झाला. २००९ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथील एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचे नवे रूप सादर झाले. मार्च २०११ मध्ये तो न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातील गोदामांत आला आणि ५ जानेवारी २०२५ पर्यंत तेथे चालू राहिला. शांघायमध्ये २०१६ च्या डिसेंबरात आणि सोलमध्ये २०२५ मध्ये त्याची आवृत्ती उभी राहिली. चौदा वर्षे एकाच शहरात चाललेला, जवळजवळ निःशब्द असा 'मॅकबेथ' ही घटना केवळ लोकप्रियतेच्या खात्यात टाकून मोकळे होण्यासारखी नाही.

न्यूयॉर्कमधील गोदामांना 'मॅककिट्रिक हॉटेल' असे कल्पित नाव देण्यात आले होते. हे नाव हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटातील आहे, तर तेथील मद्यगृहाचे 'मँडर्ली' हे नाव 'रिबेका'मधून आलेले. पाच-सहा मजले आणि सुमारे शंभर खोल्या. त्यांत रुग्णालय, शिंप्याचे दुकान, स्मशानभूमी, मुलांची खोली, नृत्यगृह. काळ १९३० च्या दशकाचा. प्रवेशद्वारी प्रेक्षकाच्या हाती पत्त्यांतील एक पान दिले जाई, नंतर पांढरा, चोचीसारखा पुढे आलेला मुखवटा. मुखवटा उतरवायचा नाही आणि बोलायचे नाही, हे दोन नियम. उद्वाहकातून वर जाताना एखाद्यालाच मध्येच एका मजल्यावर उतरवले जाई आणि त्याच्या सोबत्याच्या तोंडावर दार बंद होई. त्यापुढे सुमारे तीन तास ज्याने त्याने हवे तेथे जावे, हव्या त्या पात्रामागे धावावे, कपाटे उघडावीत, पत्रे वाचावीत. प्रत्येक पात्राचा सुमारे एका तासाचा क्रम ठरलेला असे आणि तो रात्रीतून पुन्हा पुन्हा आवर्तित होई. मॅकबेथ डंकनचा वध करी, रक्ताने माखून परते, लेडी मॅकबेथ त्याला स्नान घाली. आणि काही वेळाने तोच राजा पुन्हा जिवंत होऊन चालू लागे.

मराठी वाचकाला 'मॅकबेथ' परिचित झाला तो शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव'मधून आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधून. दोन्ही ठिकाणी भाषेचे वैभव हाच नाटकाचा प्राण. त्यामुळे शब्दच काढून टाकले तर 'मॅकबेथ'मध्ये उरते काय, अशी शंका मराठी रसिकाच्या मनात प्रथम उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु हा आक्षेप वाटतो तितका निर्णायक नाही. मॅकबेथच्या भाषेतील अंधार, रक्त, हात धुणे, झोपेचा वध, चालत येणारे अरण्य या प्रतिमा येथे वस्तूंच्या रूपाने प्रेक्षकाच्या हाताशी येतात. रुग्णालयातील रक्ताळलेल्या पाण्याचे न्हाणीपात्र किंवा नृत्यगृहात सरकणारी चाकांवरची झाडे ही शेक्सपिअरच्या ओळींचीच दृश्य रूपे आहेत. डब्ल्यू. बी. वर्थेन या अभ्यासकाने २०१२ मधील आपल्या लेखात हे मान्य केले आहे. मात्र त्याचबरोबर त्याने अधिक गंभीर मुद्दा उपस्थित केला. हा प्रेक्षक फिरतो, निवडतो, स्वतःचे कथानक रचतो. तरीही प्रयोगात त्याला कर्त्याचे स्थान नाही. तो वास्तववादी रंगभूमीच्या चौथ्या भिंतीतून चोरून पाहणाराच राहतो. भिंत पडलेली नाही, ती त्याच्या चेहऱ्यावर चढवली गेली आहे, असे वर्थेनचे म्हणणे पुढे नेऊन म्हणता येईल.

प्रतिसादाची रूपे

या प्रयोगाविषयी प्रेक्षकांनी जे लिहिले-बोलले, त्यात परस्परविरोधी सूर ऐकू येतात. काहींना काहीच समजले नाही. डंकनचा वध तळमजल्याच्या बाजूला चालू असताना ते वरच्या मजल्यावर औषधी वनस्पतींच्या जुड्यांचा वास घेत होते. आपण चुकीच्या खोलीत आहोत, खरे नाटक दुसरीकडे घडते आहे, ही रुखरुख त्यांना तीन तास पुरली. काही जण उलट एकाच पात्राला चिकटले आणि धापा टाकत जिने चढत-उतरत राहिले. तिसरा वर्ग पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचा. दहा वेळा, पन्नास वेळा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा आलेले प्रेक्षक या प्रयोगाला लाभले; त्यांनी पात्रांच्या हालचालींचे तक्ते केले, कोणत्या मिनिटाला कोणत्या दारापाशी उभे राहावे हे पाठ केले.

दारापाशी उभे राहण्यामागे कारण होते. प्रयोगात काही क्षण एकाच प्रेक्षकासाठी राखून ठेवलेले असत. पात्र गर्दीतून एकाचा हात धरी, त्याला बंद खोलीत नेई, त्याचा मुखवटा उतरवी, कानात काही कुजबुजे, एखादी वस्तू हातात ठेवी. संपूर्ण निःशब्द प्रयोगात ही मोजकी वाक्ये असत आणि ती एकालाच ऐकू येत. साहजिकच त्यांच्यासाठी चढाओढ लागली. ॲडम ॲल्स्टन या समीक्षकाने २०१३ मध्ये निमग्न रंगभूमीतील सहभागाचे विवेचन करताना तो नवउदारमतवादी मूल्यांशी जोडला आहे. जो धाडस करतो, पुढे सरसावतो, संधी हेरतो, त्याला अधिक अनुभव मिळतो. जो संकोची, वयस्क किंवा पायाने अधू, त्याच्या वाट्याला नाटक कमी येते. तिकिटाची किंमत मात्र दोघांनाही सारखीच. हे निरीक्षण मार्मिक असले तरी ते आर्थिक परिभाषेत थांबते. चढाओढ करणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात रसदृष्ट्या काय बिघडते, हे सांगण्यास ती परिभाषा अपुरी आहे. येथे अभिनवगुप्ताकडे वळणे उपयुक्त ठरते.

नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे विघ्न, रंगभूमीवरील सुखदुःख हे 'माझे' किंवा 'त्या अमक्याचे' अशा निश्चित देशकालात बांधले जाणे. सुख माझेच आहे असे वाटले, की ते निसटेल काय ही भीती, ते राखण्याची धडपड, तसेच आणखी मिळवण्याची हाव, ते चारचौघांत मिरवण्याची किंवा उलट लपवून ठेवण्याची इच्छा मनात उत्पन्न होते, आणि या अन्य वृत्ती रसास्वादात आडव्या येतात, असे त्याचे विश्लेषण आहे. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळातील काश्मिरी आचार्याला मॅककिट्रिक हॉटेलची कल्पना असण्याचे कारण नाही. परंतु बंद खोलीतील एकांतभेटीसाठी ताटकळणाऱ्या, ती मिळाल्यावर कोणाला सांगावे की सांगू नये या द्विधेत पडलेल्या आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचे याहून नेमके वर्णन आधुनिक समीक्षेत सापडणे कठीण आहे.

याच विघ्नाच्या परिहारासाठी अभिनवगुप्त पूर्वरंगाचा आणि नटाच्या वेषभूषेचा निर्देश करतो. मुकुटादिकांनी नटाचे लौकिक रूप झाकले जाते. त्यामुळे समोरचे दुःख ना त्या नटाचे राहते, ना केवळ रामाचे, ना प्रेक्षकाचे. ते साधारण होते. ग्रीक रंगभूमीवरही मुखवटा नटाच्याच मुखावर होता. पंचड्रंकने ही व्यवस्था उलटी केली. नटाचा चेहरा उघडा आणि प्रेक्षकाचा झाकलेला. मुखवट्यामुळे प्रेक्षक आपला रोजचा संकोच बाजूला ठेवतो आणि मोकळा होतो, अशी या योजनेमागील भूमिका आहे. ती खोटी नाही. प्रेक्षक मोकळा होतो. पण कशासाठी मोकळा होतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

हस्तक्षेपाचा प्रश्न

या प्रश्नाच्या उत्तरासाठी न्यूयॉर्कमध्येच 'स्लीप नो मोअर'च्या सुमारे चार दशके आधी झालेल्या एका प्रयोगाची आठवण आवश्यक आहे. रिचर्ड शेक्नर यांच्या परफॉर्मन्स ग्रुपने १९६८-६९ मध्ये युरिपिडीसच्या 'बॅकी'वर आधारित 'डायोनायसस इन ६९' सादर केले. तेथेही प्रेक्षक आणि नट एकाच जागेत वावरत. पेन्थ्यूसचा बळी हा नाटकाचा अटळ शेवट. परंतु एका रात्री काही विद्यार्थ्यांनी ठरवून येऊन पेन्थ्यूसची भूमिका करणाऱ्या नटाला उचलून बाहेर नेले आणि बळी होऊ दिला नाही. नटमंडळींत यावरून तीव्र मतभेद झाले. शोकात्मिकेच्या दृष्टीने तो प्रयोग फसला, असे म्हणता येईल; कारण अटळता हा तिचा कणा आणि तोच मोडला. तथापि त्या विद्यार्थ्यांच्या कृतीत एक गोष्ट निर्विवाद होती. एका माणसाचा बळी जातो आहे हे त्यांना सहन झाले नाही, मग त्यामागे खोडसाळपणाचा अंश का असेना.

'स्लीप नो मोअर'मध्ये असे काही घडणे जवळजवळ अशक्य होते. गर्भवती लेडी मॅकडफची हत्या होत असताना तिच्याभोवती पांढऱ्या मुखवट्यांचे दाट कडे उभे असे. कोणी पुढे होत नसे. पुढे होण्यास नियमांची आडकाठी होती आणि काळ्या मुखवट्यांतील कर्मचारी लक्ष ठेवून असत. हे दृश्य म्हणजे प्रयोगातील सर्वांत प्रभावी, आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक क्षण म्हणावा लागेल. मारेकऱ्यापेक्षा त्या निश्चल चेहऱ्यांचीच भीती अधिक वाटावी अशी त्याची रचना होती. ज्या प्रेक्षकाची नजर त्या क्षणी बळीवरून समोरच्या मुखवट्यांकडे वळली आणि आपणही यांच्यापैकीच आहोत हे ज्याला उमगले, त्याला शोकात्मिकेतील भीतीचा अस्सल स्पर्श झाला. मॅकबेथ हे तरी वेगळे काय आहे? पाहत असूनही न थांबणाऱ्या माणसाचीच ती कथा आहे. परंतु असा प्रेक्षक किती, आणि हत्या संपताच पुढील पात्रामागे धावत सुटणारे किती? हत्येनंतर जमिनीवर पडलेल्या स्त्रीजवळ कोणी थांबते का, याची कसोटी लावली तर करुणेचा हिशेब फारसा आशादायक निघत नाही. आवर्तनाची रचनाही येथे आड येते. जी स्त्री तासाभराने पुन्हा उठणार, तिच्या मरणासाठी थांबण्याचे कारण काय? अर्थात याच आवर्तनाची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या फेरीत डंकनला हसताना पाहणाऱ्याला त्याचे मरण आधीच ठाऊक असते, आणि तेव्हा ते हसू पाहवत नाही. पुनःपुन्हा येणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी नोंदवलेली हळहळ या जातीची आहे. तिला विकृत आसक्ती म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही. ग्रीक प्रेक्षकालाही इडिपसचा शेवट ठाऊकच होता.

मोकळेपणाची काळी बाजू २०१८ मध्ये उघड झाली. त्या वर्षी बझफीड न्यूज या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या वृत्तात न्यूयॉर्कच्या प्रयोगातील काही माजी कलावंतांनी आणि कर्मचाऱ्यांनी, प्रेक्षकांनी अंधाराचा व मुखवट्याचा फायदा घेऊन आपल्याला अनुचित स्पर्श केल्याचे आरोप केले. 'डायोनायसस इन ६९'मध्येही प्रेक्षकांनी नटनट्यांशी केलेल्या लगटीमुळे प्रयोगातील स्पर्शाचा प्रसंग बदलावा लागला होता. म्हणजे प्रश्न नवा नाही, आणि एका संस्थेपुरताही नाही. यासंदर्भात व्यवस्थेतील त्रुटी, कर्मचाऱ्यांची संख्या, सुरक्षेचे संकेत यांची चर्चा झाली व ती व्हायलाच हवी. परंतु समीक्षेने आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे आहे. ज्या प्रेक्षकाने हात टाकला, त्याच्या लेखी समोर ना लेडी मॅकबेथ होती, ना ती भूमिका करणारी अभिनेत्री. होती ती केवळ त्याच्या 'अनुभवा'तील एक वस्तू. तिकीट घेऊन विकत मिळालेल्या अनुभवात दुसऱ्या माणसाचे दुःखच काय, त्याचे शरीरही अनुभवणाऱ्याच्या मालकीचे वाटू लागते. साधारणीकरण बिघडल्याची ही केवळ सौंदर्यशास्त्रीय हानी नव्हे. तिची किंमत रोज रात्री तेथे काम करणाऱ्या व्यक्तीने मोजलेली असते. प्रेक्षकाला 'मुक्त' करण्याच्या उत्साहात नटाच्या मुक्ततेचा विचार मागे पडला, हा या प्रवाहावरील आक्षेप म्हणूनच गंभीर आहे.

पंचड्रंकने नंतर २०२२-२३ मध्ये लंडनच्या वुलिच भागात 'द बर्न्ट सिटी' सादर केले. एस्किलसचे 'ॲगमेम्नॉन' आणि युरिपिडीसचे 'हेक्यूबा' यांवर ते आधारले होते. मुखवटा तेथेही प्रेक्षकाच्याच मुखावर राहिला.

मौन आणि सिद्धी

भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून ओळखण्याची रीत सांगितली आहे. मानुषी सिद्धीचे दोन प्रकार. स्मित, हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार ही वाङ्मयी. अंगावर रोमांच उभे राहणे, आसनावरून उठणे, वस्त्र वा अंगठी भिरकावणे ही शारीरी. संगीत नाटकांच्या काळातील मराठी प्रेक्षकाचा 'वन्समोअर' याच वाङ्मयी सिद्धीच्या कुळातला. या दोहोंच्या वर दैवी सिद्धी. रंगमंडप भरलेला आहे, आणि तरीही कोठे आवाज नाही, खळबळ नाही, उत्पात नाही.

वरवर पाहता 'स्लीप नो मोअर'च्या प्रेक्षागाराने ही दैवी सिद्धी रोज रात्री गाठली होती. काहीशे माणसे आणि एकही शब्द नाही. परंतु भरताच्या मौनाला अर्थ आहे तो बोलण्याची मुभा असताना ते आपोआप पाळले गेले म्हणून. नियमाने लादलेले मौन सिद्धीची खूण ठरू शकत नाही. मुखवट्यामुळे स्मित दिसत नाही, अश्रू दिसत नाहीत, 'कष्टम्' ओठांतच राहते. नटाला समोरून काहीच परत मिळत नाही. प्रेक्षक प्रेक्षकालाही दिसत नाही. अथेन्सच्या उघड्या रंगमंडपात दिवसाउजेडी हजारो माणसे एकमेकांचे चेहरे पाहत रडली, तेव्हा निदान त्या रडण्यावर रागावण्यास नगर तरी होते. येथे प्रत्येकाचे रडणे त्याच्या त्याच्या मुखवट्याच्या आत.

एक अपवाद मात्र नोंदवावा लागेल. रात्रीच्या शेवटी सर्व प्रेक्षक, कोणत्याही मजल्यावर असोत, हळूहळू नृत्यगृहाकडे ओढले जात. लांब मेजावर मेजवानी मांडलेली असे. ज्यांनी तीन तास एकमेकांना टाळले, ते तेथे प्रथमच एका जमावाच्या रूपाने उभे राहत आणि सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी दिसे : मॅकबेथला फास लावला जातो. त्यानंतर अंधार. दिवे लागल्यावर पात्रे गर्दीतील एकेका प्रेक्षकाचा हात धरून त्याला मद्यगृहापर्यंत पोहोचवीत. तेथे मुखवटे उतरत, हरवलेले सोबती सापडत, आणि घामेजलेल्या चेहऱ्यांची माणसे, पुष्कळदा अनोळखीसुद्धा, एकमेकांना विचारू लागत : लेडी मॅकडफजवळ तुम्ही होता का, त्या वेळी काय झाले?